ओव्हाळ मॅडमचा घसा

निर्मलाताई गेल्याची बातमी मला कुणी दिली नाही. द्यायची गरजच नव्हती. मी त्याच शाळेत होते, त्यांच्यापासून दोन भिंती पलीकडे, तपासणीला आलेल्या साहेबांसाठी बशीत बिस्किटं मांडत होते. बिस्किटं गोल मांडावीत की ओळीनं, यावर माझी आणि दुसऱ्या एका बाईंची हुज्जत चालली होती. तेवढ्यात आमचे शिपाई मारुतीमामा दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "मॅडम, जरा या बरं. वव्हाळ मॅडम उठंनात." त्याला आता दीड महिना होऊन गेला. परवा या पुरवणीतून फोन आला, तुम्ही त्यांच्या जवळच्या, त्यांच्यावर लिहा म्हणाले. जवळची तर मी होतेच. लिहायला बसले आहे, पण आधीच सांगून ठेवते. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं ही रीत मी ताईंपुरती पाळीन. जे जिवंत आहेत त्यांच्याबाबत तशी काही सक्ती नाही, आणि जिवंतांत मीही आले.

निर्मला ओव्हाळ आमच्या शाळेत गणित शिकवायच्या, मी मराठी शिकवते. शाळा नांदूरघाटकडच्या एका गावात, खाजगी संस्थेची. आम्ही दोघी केजला राहायचो आणि चौदा वर्षं एकाच स्कूटीवरून गेलो-आलो. स्कूटी त्यांची, चालवायच्या त्याच, मी मागे दोघींचे डबे मांडीवर घेऊन. मान न वळवता बोलायच्या आणि वाऱ्यातही मला शब्दन् शब्द ऐकू यायचा. मलाच काय, समोरून येणाऱ्या टमटमवाल्यालाही यायचा. त्यांनी सातवीत पावकी म्हणायला घेतली की दहावीची पोरं माना वर करायची. एकदा मी म्हटलं, "ताई, जरा हळू बोला, सगळं गाव ऐकतंय." त्या म्हणाल्या, "ऐकू दे की. आमच्याकडं लई पिढ्या हळू बोलण्यात गेल्या, वर्षा. आता मी कावून हळू बोलू?" मी संस्थेच्या सचिवांच्या भावकीत दिलेली. आमच्या घरात हळू बोलायचा प्रश्न पिढ्यानपिढ्या कुणाला पडला नव्हता. आम्ही दोघी एका डब्यात जेवायचो हे खरं, पण त्यांना माझ्या घरी जेवायला बोलवायला मला सहा वर्षं लागली, आणि तेही सासूबाई तीर्थाला गेल्या होत्या तेव्हा. ताईंना ते माहीत होतं. जेवून झाल्यावर हात धुताना म्हणाल्या, "तुझ्या सासूबाईंना वरचेवर देवदर्शन घडो."

अशा होत्या त्या. गोड नव्हत्या. पोरांचे कान पिरगाळायच्या, मनात अढी धरायच्या, आणि माझा हिशेब चुकला की साऱ्या स्टाफरूमसमोर "मराठीवाल्यांना वीसपर्यंत पाढे माफ असतेत" म्हणायच्या. सचिवांच्या पुतण्याला त्यांनी गणितात नापास केलं होतं आणि पेपर पुन्हा तपासायला सांगितल्यावर दोन गुण आणखी कमी केले होते. सचिवांना सगळे आबा म्हणतात. आबा त्या वेळी नुसते हसले.

आवाज बिघडायला लागला तो चार वर्षांपूर्वी, पावसाळ्यानंतर. आधी एखाद्या शब्दावर अडखळायचा. मग वाक्यावाक्याला तुटायला लागला. घोगरा नव्हे, बसलेलाही नव्हे. बोलता बोलता कुणीतरी आतून गळा आवळावा आणि सोडून द्यावा, तसं व्हायचं. "सम... भुज त्रि... को... ण." कपाळाची शीर फुगायची, मान ताठ व्हायची. मग काय, ज्याच्या त्याच्याकडे औषध. ज्येष्ठमध झालं, खडीसाखर झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या, माझ्या जावेनं तर दृष्ट काढायला सांगितली. बीडला एका डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. घशातले पडदे पांढरेशुभ्र, गाठ नाही, सूज नाही. म्हणाले, काही नाही, टेन्शन घेऊ नका. त्या 'काही नाही'नं घात केला. काहीतरी निघालं असतं, अगदी वाईट निघालं असतं, तरी लोक डबे घेऊन भेटायला आले असते. काही नाही म्हटल्यावर उरतं काय? नाटक.

शब्द पहिल्यांदा कुणी वापरला मला आठवत नाही, पण पंधरा दिवसांत तो सगळ्यांच्या तोंडी होता. पोरं हापशावर पाणी पिताना ताईंसारखी तुटक हजेरी घ्यायची. पोरांचं एक वेळ सोडा. स्टाफरूममध्ये आमचे एक इतिहासाचे सर त्यांची हुबेहूब नक्कल करायचे, मानेसकट. एकदा ताई दारात आल्या तेव्हा नक्कल चालू होती आणि सगळे हसत होते. मीही हसत होते. आता लिहिताना वाटतं म्हणावं की मी ओशाळून हसले, पण तसं नव्हतं. नक्कल खरोखर चांगली होती आणि मी पोट धरून हसत होते. ताईंनी खुर्ची ओढली, डबा उघडला आणि ठेच्याची वाटी नेहमीप्रमाणे माझ्यापुढे सरकवली.

त्यांना एकच हवं होतं. बरं वाटावं हे नंतरचं. आधी कुणीतरी म्हणावं की हो, हे खरं आहे. फळ्यावर लिहून शिकवणं त्यांनी सुरू केलंच होतं, वर्गाचा निकालही घसरला नव्हता. पण आपण खोटं बोलत नाही हे सिद्ध करायचं कसं, ते त्या गणितवाल्या बाईंना काही सुटत नव्हतं. आणि मग ते मी कायमचं अवघड करून ठेवलं.

वर्षावासाचे, पावसाळ्यातल्या उपासनेचे दिवस होते. त्यांच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी सकाळी वंदना आणि ग्रंथवाचन असायचं. एका रविवारी त्या मला घेऊन गेल्या. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका, समोर मेणबत्त्या, आणि वंदना सांगायला ताई पुढे. त्यांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली... आणि आवाज आला. अख्खा, कुठेही न तुटता, माझ्या चौदा वर्षांच्या ओळखीचा. मी फोन काढला आणि दीड मिनिट चित्रण केलं. डोळ्यांतून पाणी येत होतं, म्हणून चित्र जरा हललंय. बाहेर पायरीवर चपला घालता घालताच मी ते शाळेच्या ग्रुपवर टाकलं. वर लिहिलं, "बघा, आपल्या मॅडमचा आवाज परत आला!" आणि खाली हात जोडलेली चार-पाच चित्रं. ताई चप्पल घालून माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "चा... चहा घे... ऊ या." तोवर ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

सोमवारी आबांनी आम्हा दोघींना ऑफिसात बोलावलं. हेडमास्तरांनी फोन पुढे धरला आणि चित्रण लावलं. आबा शांतपणे ऐकत राहिले. वंदना संपल्यावर म्हणाले, "विहारात घसा उघडतोय आन् वर्गात आला की बंद पडतोय. ह्यो कुठला आजार म्हणायचा, मॅडम?" ताई जितकं बोलायला जाव्यात तितका आवाज आवळत गेला, आणि जितका आवळत गेला तितके ते दोघे एकमेकांकडे बघत राहिले. त्याच आठवड्यात त्यांचा सातवीचा वर्ग काढून घेतला आणि त्यांना वाचनालयाच्या खोलीत बसवलं. वाचनालय म्हणजे तीन कपाटं, एक टेबल, आणि कपाटांच्या किल्ल्या हेडमास्तरांकडे. परतताना स्कूटीवर मी रडत होते. त्या मान न वळवता म्हणाल्या, "डबे... सांभाळ."

पुण्याच्या त्या दवाखान्याचा पत्ता त्यांच्या मुलीनं, प्रेरणानं शोधला. ती तिकडेच नर्सिंग शिकते. ताईंच्या मिस्टरांना सुट्टी मिळेना म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी बरोबर गेले. तिथल्या डॉक्टर वयानं लहान, ताईंना "अहो मॅडम" म्हणणारी. तिनं समजावून सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. बोलताना घशातले पडदे सेकंदाला शेकडो वेळा थरथरतात, साध्या दुर्बिणीला ते धूसर दिसतं. दिवा लुकलुकवून ती थरथर संथ दाखवणारं एक यंत्र असतं, पण त्याला एकसारखा आवाज लागतो. ताईंचा तुटका आवाज त्याला धरताच येईना. म्हणून मग एका सेकंदात हजारो चित्रं घेणारा कॅमेरा. नाकातून बारीक नळी आत सोडली. ताईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. डॉक्टर म्हणाली, "वर्गात रोज जे म्हणता ते म्हणा." ताई हजेरी घ्यायला लागल्या. वर्ग काढून घेतलेल्या बाई, नाकात नळी, आणि सातवीची हजेरी तोंडपाठ. कॅमेऱ्यानं त्यातले दोनच सेकंद टिपले. आरती इंगळे, एवढं एकच नाव.

ते दोन सेकंद पडद्यावर पाहायला कितीतरी मिनिटं लागली. दोन पांढऱ्या पट्ट्या संथपणे उघडत होत्या, मिटत होत्या, पाण्यावरच्या लाटेसारख्या... आणि मग नावाच्या मधेच दोन्ही गच्च मिटल्या. वरून आणखी स्नायू आवळत आले. काही हलेना. डॉक्टरनं पेन्सिलीनं दाखवलं, "हे बघा. इथे मेंदूकडून चुकीचा हुकूम येतोय. यांच्या मनाचा यात काही दोष नाही." गाण्याचा, पठणाचा, हसण्याचा रस्ता मेंदूत वेगळा, म्हणून तिथे आवाज मोकळा सुटतो, हेही तिनं सांगितलं. म्हणजे ज्या विहारावरून त्या खोट्या ठरल्या, तेच या आजाराचं लक्षण होतं! ताई पडद्याकडे बघत होत्या. मग त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "दि... सलं ना? तुला दिसलं... ना?" मी म्हटलं, "दिसलं ताई." हे मी म्हटलं होतं, लक्षात ठेवा.

सुट्टी संपल्यावर रिपोर्ट आणि ते चित्रण घेऊन आम्ही आबांपुढे उभ्या राहिलो. हेडमास्तर होते, इतिहासाचे सर आणि आणखी एक सर होते. संगणकावर चित्रण लावलं. त्याला आवाज नसतो, नुसतं चित्र. लाल ओला घसा आणि मध्ये त्या दोन पट्ट्या. इतिहासाच्या सरांनी दुसऱ्या सरांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघं खाली माना घालून फिदीफिदी हसले. त्यांना त्या चित्रात काय दिसलं ते मला कळलं. ताईंनाही कळलं, त्यांनी पदर खांद्यावरून ओढून घेतला. आबांनी मात्र चित्रण शेवटपर्यंत पाहिलं, चष्मा काढला आणि विचारलं, "ह्ये तुमचंच हाय कशावरून? ह्यात तोंड कुठं दिसतंय?"

रिपोर्टवर नाव आहे, मी म्हटलं. हेडमास्तर म्हणाले, कागद काय, कुणीही करून देतं. मी म्हटलं, "आबा, मी होते बरोबर. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय." आबा माझ्याकडे वळले आणि अगदी मायेनं म्हणाले, "सूनबाई, तुमी घरच्या. तुमी यात पडू नका." आणि मी बसले. खरंच, बाजूची खुर्ची होती तिच्यावर बसले. तेव्हा ताई हसल्या. माझ्याकडे बघून हसल्या की आबांच्या प्रश्नाला, मला आजवर ठरवता आलेलं नाही. पण त्यांचं हसणं मोकळंच निघायचं, खणखणीत. आबांनी बोट वर केलं. "ऐका. हसताना बरा निघतोय."

पुढे घशात इंजेक्शन घेतलं. पहिले पंधरा दिवस नुसती हवा, मग आवाज आला, जवळपास पूर्वीसारखा. वर्ग परत मिळाला. तर गाव काय म्हणालं? वाचनालयात बसवल्यावर बाई कशा सुतासारख्या सरळ झाल्या! त्या औषधाचा असर तीन-चार महिनेच टिकतो, पुन्हा घ्यावं लागतं. असर उतरला, आवाज तुटायला लागला, तर म्हणे, वर्ग मिळाला, आता पुन्हा सुरू. बोलल्या तरी खोट्या, न बोलल्या तरी खोट्या. वर्ग पुन्हा गेला. दुसरं इंजेक्शन उन्हाळ्याच्या सुट्टीत घ्यायचं ठरलं होतं.

तपासणीच्या दिवशी सगळी शाळा सारवल्यासारखी स्वच्छ होती. मधली सुट्टी झाली आणि ताई स्टाफरूमच्या दारात आल्या. मी एकटीच होते, बशा पुसत होते. त्यांनी जबड्याखाली हात धरला होता. मानेवर घाम होता. "वर्षा," त्या म्हणाल्या, "ज... जब... डा..." आणि पुढे शब्द निघेना. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि माझ्या मनात काय आलं ते आता लपवून उपयोग नाही. मला वाटलं, साहेब आलेत म्हणून. साहेबांपुढे तमाशा होईल, आबा माझ्यावर चिडतील, मग घरी... मी म्हटलं, "ताई, आज नको हं. आजच्या दिवस नको."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं." तो शब्द अजिबात तुटला नाही. साफ निघाला, आणि त्यामुळे माझी खात्रीच पटली. त्या वळून वाचनालयात गेल्या आणि मी बशा पुसल्या. मेंदूचा चुकलेला हुकूम मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. इतिहासाच्या सरांनी तो दोन मिनिटं पाहिला, मी पुण्यात कितीतरी वेळ, पेन्सिलीच्या टोकासकट. तरी मी तेच केलं जे त्यांनी केलं. त्यांना निदान ताई आवडत तरी नव्हत्या. हृदयविकाराचा झटका होता. केजच्या डॉक्टरांनी विचारलं, काही बोलल्या होत्या का? तासभर आधी आणलं असतं तर...

पुण्यानुमोदनाला आबा आले. ताईंच्या फोटोला हार घातला आणि माईक हातात घेऊन म्हणाले, असा खणखणीत आवाज तालुक्यात पुन्हा होणे नाही. लोकांनी माना डोलावल्या. जेवणं झाल्यावर प्रेरणा माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "मावशी, तुम्ही तिथंच होत्या ना. आई शेवटी काय बोलली?" मी म्हटलं, "काही नाही गं. झोप लागावी तशा गेल्या." ती थोडा वेळ हातातल्या रुमालाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "बरं झालं. बोलायचा लई त्रास व्हायचा तिला." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. प्रेरणा, ही पुरवणी तुझ्यापर्यंत येत असेल तर हे वाच. तुझी आई बोलली होती. मला बोलली होती. मी तिला आज नको म्हटलं. तू मला मावशी म्हणणं सोडलंस तर ते बरोबरच असेल. हा लेख मी त्यासाठीच लिहायला घेतला, बाकीचं सगळं इथवर यायचं धाडस होईना म्हणून लिहिलं.

गणिताला नवीन शिक्षक अजून आलेले नाहीत, म्हणून ताईंच्या सातवीवर सध्या मला पाठवतात. मी पोरांना शुद्धलेखन घालते आणि वेळ काढते. मागच्या गुरुवारी तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, पोटात लई दुखायलंय." आणि फळ्यावरून मान न वळवता मी म्हटलं, "बस खाली. नाटक करू नको." अगदी सहज निघालं तोंडातून. दीड महिन्यात एक रात्र झोप नाही, आणि तरी तेच निघालं. ती बसली. तास संपल्यावर सगळे बाहेर पळाले, ती उठली नाही. जवळ जाऊन पाहिलं तर तिनं आवाज न करता दप्तरात ओकलं होतं, वह्यांवर. मी तिला नळावर नेलं, तोंड धुतलं, वह्या पुसायला घेतल्या. तिलाच शरम वाटत होती. खाली बघत म्हणाली, "वव्हाळ मॅडमच्या तासाला इचारावं लागत नव्हतं. त्यांनी सांगितलं व्हतं, दुखायलं की हात वर करायचा आन् बाहेर जायचं, बोलायचं न्हाई."

मी विचारलं, "मग आज का नाही गेलीस?"

ती म्हणाली, "तुमचा तास व्हता ना, मॅडम."